जुन्या पुस्तकाचें मोल कसें जाणावें?

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपल्याकडे घरोघरीं ऐकूं येते. तांब्यापितळेचीं भांडीं, सागवानी लांकूड, आजीचे दागिने यांच्या बाबतींत ती बरीचशी खरीही ठरते. परंतु पुस्तकांस ती जशीच्या तशी लावूं गेल्यास दोन उलट प्रकारची फसगत होते. एखाद्या घरांत शंभर वर्षांचें, जाडजूड, कातडी बांधणीचें पुस्तक निघालें, कीं तें लाखों रुपयांचें असलें पाहिजे अशी समजूत होऊन त्याचा मोठा गाजावाजा होतो. आणि त्याच पेटीच्या तळाशीं पडलेलें, पुठ्ठाही नसलेलें, कसरीनें खाल्लेलें चाळीस पानांचें चोपडें मुकाट्यानें रद्दींत जातें. पुष्कळदां त्या दोहोंत खरी दुर्मिळ वस्तु असते ती त्या चोपड्यांतच!

घर बदलतांना, भावाभावांच्या वाटण्या होतांना, किंवा दिवाळीच्या साफसफाईंत आजोबा-पणजोबांच्या पेट्या उघडल्या जातात व पुस्तकें वजनावर विकलीं जातात. वजनावर विकलेल्या पुस्तकाचा मागमूस पुढें कोणासही लागत नाहीं. म्हणून जुन्या पुस्तकाचें मोल कशावरून ठरतें, तें ओळखण्यासाठीं पुस्तकांत काय पाहावें, आणि कोणास विचारावें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगावें असें आम्हीं योजिलें आहे.

छापलेलें पुस्तक म्हणजे एकाच वस्तूच्या शेंकडों प्रती. तेव्हां तें समूळ नाहींसें कसें होईल, अशी शंका कोणासही येईल. तिचें उत्तर आपल्याच किनाऱ्यावर मिळतें. हिंदुस्थानांत पहिला छापखाना १५५६ सालीं गोव्यास आला. त्या व पुढील सालीं तेथें छापलेल्या पहिल्या पुस्तकांची एकही प्रत आज ठाऊक नाहीं. गोव्यांत छापलेलें व आज उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें पुस्तक १५६१ सालचें आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकानें मराठींत ओवीबद्ध रचलेलें ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथें १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें, आणि पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकाही छापील प्रतीचा ठावठिकाणा आज लागत नाहीं. ग्रंथ वांचला तो हातानें लिहून ठेवलेल्या प्रतींमुळें. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ सालढाणा यांनीं त्याची नवी आवृत्ति काढली. त्या छापील आवृत्त्यांची शेवटची प्रत ज्या कोणाच्या हातून गेली, त्यास ती शेवटची आहे हें ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. जुन्या पुस्तकाची चौकशी न करतां त्याची वाट लावण्यांत खरा धोका आहे तो हाच.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. जुन्या पुस्तकाची किंमत मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : त्याच्या किती प्रती उरल्या आहेत, तें किती जणांस हवें आहे, आणि आपल्या हातांत असलेली प्रत कोणत्या स्थितींत आहे. या तिन्हींचा विचार एकत्र करावा लागतो. प्रत एकुलती एक असली, पण ती कोणासच नको असली, तर तिला भाव येत नाहीं. पुस्तक सर्वांस हवें असलें, पण त्याच्या हजारों प्रती उपलब्ध असल्या, तरीही भाव येत नाहीं. आणि पुस्तक दुर्मिळ व हवेंसें असूनही त्याचीं दहा पानें गळालीं असलीं, तर भाव निम्म्याहूनही खालीं येतो. वाचकांच्या लक्षांत येईल कीं, या तीन गोष्टींत ‘वय’ हा शब्द आलेला नाहीं. वय हें केवळ एक लक्षण आहे. पुस्तक जितकें जुनें तितक्या त्याच्या प्रती कमी उरल्या असण्याचा संभव अधिक, इतकेंच.

पहिली गोष्ट दुर्मिळपणाची. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील केंब्रिज गांवीं १६४० सालीं स्तोत्रांचें एक लहानसें पुस्तक छापलें गेलें; त्यास ‘बे साम बुक’ म्हणतात. त्या वसाहतींत छापलेलें व आज उपलब्ध असलेलें तें पहिलें पुस्तक होय. छपाई ओबडधोबड, चुका पुष्कळ. त्याच्या सुमारें १७०० प्रती काढल्या होत्या. आज अकरा ठाऊक आहेत. त्यांतील एक प्रत २०१३ सालीं न्यूयॉर्क येथील लिलांवांत सुमारें १ कोटि ४१ लक्ष डॉलरांस विकली गेली. याच्या उलट, एकोणिसाव्या शतकांत छापलेलें, सोनेरी कडांचें, पितळी कडीचें मोठें कौटुंबिक बायबल घ्या. दिसावयास तें किती भारदस्त! परंतु तशीं बायबलें लक्षावधि छापलीं गेलीं, आणि घरोघरीं जपून ठेवलीं गेल्यामुळें तीं उरलींही पुष्कळ. म्हणून बाजारांत त्यांस फारशी किंमत येत नाहीं. जें पुस्तक लोक जन्मभर जपतात तें टिकतें. जें वापरून फेंकून देतात तें दुर्मिळ होतें. शाळेचीं क्रमिक पुस्तकें, पंचांगें, लग्नांतील मंगलाष्टकांचीं चोपडीं, नाटकांच्या पदांचीं पुस्तकें, सभांचे अहवाल, जाहिराती हीं सर्व या दुसऱ्या वर्गांतलीं होत. आजोबांच्या पेटींत ग्रंथांच्या मधोमध जीं पातळ चोपडीं सांपडतात, त्यांजकडे अधिक लक्षपूर्वक पाहावें, तें याच कारणासाठीं.

छपाईंतील चुकीमुळें पुस्तक मोलवान् होतें, असाही एक समज आहे. त्यांत अर्धेंच सत्य आहे. १६३१ सालीं लंडन येथें छापलेल्या बायबलाच्या एका आवृत्तींत दहा आज्ञांपैकीं एकीमधील ‘नको’ हा शब्द जुळाऱ्याच्या हातून गळाला व आज्ञेचा अर्थ अगदीं उलटा झाला. रॉबर्ट बार्कर व मार्टिन लुकास या मुद्रकांस ३०० पौंड दंड झाला, आणि प्रती परत मागवून नष्ट करण्यांत आल्या. ज्या थोड्या चुकून वांचल्या, त्यांस आज संग्राहक मोठी किंमत देतात. ती किंमत चुकीची नव्हे. चुकीपायीं उडालेल्या नाशाची आहे. साध्या मुद्रणदोषांनीं पुस्तकाचें मोल वाढत असतें, तर आमचींही कित्येक पुस्तकें अनमोल झालीं असतीं!

दुसरी गोष्ट मागणीची. पुस्तक कोणास व कां हवें असतें? साधारणपणें ज्या पुस्तकानें कांहीं नवें सुरू केलें, किंवा ज्यानें लोकांचे विचार हालविले, त्याच्या पहिल्या रूपास मागणी असते. बाबा पदमनजी यांचें १८५७ सालचें ‘यमुनापर्यटन’ ही मराठींतील पहिली कादंबरी मानली जाते. जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ सालीं निघाली. विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं बंगालमधील श्रीरामपूर येथें छापलें गेलें. यांचीं नवीं पुनर्मुद्रणें वाचण्यास पुरेशीं असलीं, तरी अभ्यासक व संग्राहक मूळ आवृत्ति शोधीत राहतात. ताराबाई शिंदे यांचें ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें उदाहरण विशेष बोधप्रद आहे. हें लहानसें पुस्तक १८८२ सालीं पुणें येथें निघालें. प्रती ५००, किंमत नऊ आणे. पुढें तें लोकांच्या स्मरणांतून जवळजवळ गेलें. १९७५ सालीं तें पुनः छापलें गेल्यावर त्याचें महत्त्व सर्वांस कळलें, आणि आज स्त्रियांच्या स्थितीविषयींच्या चर्चेंत त्याचा उल्लेख टाळतां येत नाहीं. ज्या काळांत त्याची कोणी आठवण काढीत नव्हतें, त्या काळांत त्याच्या जुन्या प्रतीस रद्दीचाच भाव आला असता. पुस्तक तेंच, कागद तोच. लोकांची दृष्टि बदलली. यावरून हेंही दिसतें कीं, किंमत ही कायमची नसते. ती काळाप्रमाणें चढते व उतरते.

मागणी कशी विलक्षण असते, याचें एक अलीकडचें उदाहरण मुलांच्या ओळखीचें आहे. जे. के. रोलिंग यांची ‘हॅरी पॉटर’ मालेंतील पहिली गोष्ट १९९७ सालीं लंडन येथें निघाली, तेव्हां लेखिकेचें नांव कोणासही ठाऊक नव्हतें. म्हणून पुठ्ठ्याच्या बांधणीच्या केवळ ५०० प्रती काढल्या, व त्यांतील पुष्कळशा वाचनालयांत जाऊन मुलांच्या हातीं झिजल्या. त्यांतील एक चांगली राहिलेली प्रत २०२१ सालीं अमेरिकेंत ४ लक्ष ७१ हजार डॉलरांस गेली. ही प्रत ओळखावयाची खूण म्हणजे मुखपृष्ठामागील पानावर १० पासून १ पर्यंत उलट क्रमानें छापलेले आंकडे, आणि ५३ व्या पानावर सामानाच्या यादींत जादूच्या कांडीचा दोनदां झालेला उल्लेख. हेंच पुस्तक पुढें कोट्यवधि छापलें गेलें. त्या नंतरच्या प्रतींस मात्र साध्या पुस्तकाचीच किंमत आहे. म्हणजे पुस्तकाचें नांव सांगून मोल कळत नाहीं, ‘कोणती प्रत?’ हा प्रश्न विचारावाच लागतो.

ती प्रत कोणती, हें कसें ओळखावें? प्रथम मुखपृष्ठ पाहावें; येथें मुखपृष्ठ म्हणजे बाहेरचा पुठ्ठा नव्हे, तर आंतील नांवाचें पान. त्यावर ग्रंथाचें व ग्रंथकाराचें नांव, आवृत्तीचा क्रमांक, छापखाना, गांव व साल असतें. जुन्या मराठी पुस्तकांत बहुधा शक दिलेला असतो. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन निघतो; पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या महिन्यांत जानेवारी उलटून गेलेला असेल, तर ७९ मिळवावे. उदाहरणार्थ, शके १७७९ म्हणजे बहुतांशीं १८५७ साल. विक्रम संवत् असल्यास त्यांतून ५७ वजा करावे. इंग्रजी नवें वर्ष लागल्यानंतरचा महिना असेल, तर ५६. प्रस्तावनेखालची मिति व मुखपृष्ठावरचें साल हीं दोन्ही पाहावीं. कारण पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना पुढच्या आवृत्त्यांत जशीच्या तशी छापण्याचा प्रघात होता, आणि केवळ प्रस्तावनेवरून पुस्तक जुनें समजणारे पुष्कळ फसतात.

आवृत्तीचा फरक कसा पडतो, हें मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशावरून स्पष्ट होईल. याची पहिली आवृत्ति मुंबईस १८३१ सालीं निघाली. दुसरी, सुधारून वाढविलेली, १८५७ सालीं. पुढें दुसऱ्या आवृत्तीचींच पुनर्मुद्रणें होत राहिलीं. आतां शब्दाचा अर्थ पाहणाऱ्यास दुसरी आवृत्तिच अधिक उपयोगी. त्यास तिचें स्वस्त पुनर्मुद्रण पुरे. संग्राहकास मात्र पहिली हवी असते, कारण ती पहिली आहे व तिच्या प्रती थोड्या आहेत. पुनर्मुद्रणांत मूळ मुखपृष्ठाचा फोटोही छापलेला असूं शकतो. तेव्हां त्यावर १८५७ हा आंकडा दिसला म्हणून हुरळून जाऊं नये. कागद पाहावा, पान उलटून प्रकाशकाचें आधुनिक नांव आहे कीं काय तें पाहावें. असा प्रकार थोर ग्रंथांच्या बाबतींतही होतो. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा पहिला संग्रह आज सुमारें २३५ प्रतींत उपलब्ध आहे, व त्यांतील एक २०२० सालीं जवळजवळ एक कोटि डॉलरांस विकली गेली. परंतु त्याच संग्रहाचें ओळीस ओळ जुळविलेलें पुनर्मुद्रण १८०७ सालींच निघालें होतें. तें पुनर्मुद्रण स्वतःही आतां जुनें दिसतें. म्हणून अजाण माणसास त्यावरून मूळ संग्रहाचा भास होऊं शकतो.

आपल्याकडील पोथ्यांच्या बाबतींत आणखी एक घोंटाळा होतो, तो शिळाछापाचा. जर्मनींत आलॉइस झेनेफेल्डर यानें १७९६ च्या सुमारास दगडावरून छापण्याची युक्ति शोधून काढली. तिच्यांत खिळे जुळवावे लागत नसत. सुंदर अक्षराच्या लेखकानें विशिष्ट शाईनें लिहावें व तें दगडावर उतरवून छापावें, इतकेंच. आपल्या लोकांस पोथीचें वळण प्रिय असल्यामुळें एकोणिसाव्या शतकांत शेंकडों पोथ्या अशा रीतीनें निघाल्या. त्या हस्तलिखितासारख्याच दिसतात, आणि ‘आमच्या घरीं हातानें लिहिलेली पोथी आहे’ असें सांगणाऱ्या कित्येकांपाशीं वस्तुतः शिळाछापाची पोथी असते. ओळखण्याची रीत अशी : हातानें लिहितांना लेखणी शाईंत बुडवावी लागते, म्हणून अक्षर कोठें गडद, कोठें फिकट दिसतें. छापांत शाई बहुधा सर्वत्र सारखी असते. शिवाय शेवटच्या पानावर छापखान्याचें नांव बहुधा सांपडतें. पोथी खरोखर हस्तलिखित असल्यास शेवटचा मजकूर लक्षपूर्वक वाचावा. तेथें लिहिणाराचें नांव, गांव, शक व तिथि दिली असल्यास तिचें महत्त्व पुष्कळ वाढतें. तथापि प्रत्येक हस्तलिखित एकमेव असलें, तरी प्रसिद्ध ग्रंथांच्या नकला असंख्य झाल्या आहेत, हें विसरूं नये. आणि एक कायद्याची गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवावी : १९७२ च्या पुरावस्तु-कायद्याप्रमाणें पंचाहत्तर वर्षांहून जुनें, शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक महत्त्वाचें हस्तलिखित पुरावस्तूंत गणलें जातें, व खाजगी माणसास तें देशाबाहेर विकण्यास पाठवितां येत नाहीं.

तिसरी गोष्ट प्रतीच्या स्थितीची. प्रथम पानें मोजावीं. पृष्ठांक सलग आहेत काय, नकाशे व चित्रें जागच्या जागीं आहेत काय, मुखपृष्ठ व शेवटचें पान शाबूत आहे काय, हें पाहावें. जुन्या ग्रंथांतील नकाशे व चित्रें फाडून निराळीं विकण्याची वाईट चाल फार दिवसांची आहे; म्हणून चित्रांची यादी असल्यास तिच्याशीं ताडून पाहणें अवश्य. त्यानंतर बांधणी. बांधणी मूळची असल्यास, ती जीर्ण असली तरी, नव्या झगझगीत बांधणीपेक्षां बहुधा अधिक मानली जाते. विसाव्या शतकांतील इंग्रजी पुस्तकांवरील कागदी वेष्टणाचेंही तसेंच. स्कॉट फिट्झजेराल्ड या अमेरिकन कादंबरीकाराच्या १९२५ सालच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ची पहिली आवृत्ति वेष्टणासह असली, तर वेष्टणहीन प्रतीच्या अनेक पट किंमत तिला येते. आपण ज्यास धुळीचा कागद म्हणून फेंकून देतों, त्याची ही मातब्बरी!

यावरून एक महत्त्वाचा नियम निघतो : चौकशी पुरी होईपर्यंत पुस्तकास कांहींही करूं नये. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये. ती कांहीं वर्षांनीं पिवळी पडून कागदासही डागाळते. पुस्तक नव्यानें बांधून घेऊं नये. बांधणारा कडा छाटतो व समासांतील जुनीं टिपणें कापलीं जातात. मालकांचीं जुनीं नांवें खोडूं नयेत. पुस्तक उन्हांत टाकूं नये, ओल्या फडक्यानें पुसूं नये. कोरड्या मऊ फडक्यानें धूळ झाडून, स्वच्छ सुती कापडांत गुंडाळून, ओल नसलेल्या जागीं जमिनीपासून उंच ठेवावें. सुधारण्याच्या हौसेनें बिघडलेलीं पुस्तकें वाळवीनें खाल्लेल्या पुस्तकांइतकींच शोचनीय होत.

आतां प्रत्यक्ष किंमत काढण्याची रीत. एका कागदावर पुस्तकाचें टिपण तयार करावें : ग्रंथ, ग्रंथकार, आवृत्ति, छापखाना, गांव, साल, पृष्ठें, चित्रें, लांबीरुंदी, बांधणी, उणीवा, आणि आंत कोणाचें नांव किंवा लेख असल्यास तो. पुष्कळ प्रश्नांचीं उत्तरें हें टिपण करतांनाच मिळतात. मग शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूचि’ पाहावी. तिच्या पहिल्या खंडांत १८०० ते १९३७ पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांची नोंद आहे, व दुसऱ्यांत १९५० पर्यंतच्या. आपलें पुस्तक तींत आहे काय, असल्यास कोणती आवृत्ति, हें कळेल. तींत नोंद न सांपडणें ही स्वतःच मोठी बातमी असूं शकते. १८६७ च्या छापखान्यांविषयींच्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्यांत छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या निघत असत. त्यांत किती प्रती काढल्या व किंमत काय ठेवली, हेंही दिलेलें असे. अशा याद्या व सूचि मोठ्या ग्रंथालयांत पाहावयास मिळूं शकतात. मुंबईची एशियाटिक सोसायटी व मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचें नगर वाचन मंदिर, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर व भारत इतिहास संशोधक मंडळ, पणजीचें मध्यवर्ती ग्रंथालय, या संस्थांतील जाणकार ग्रंथपालांस नम्रपणें विचारल्यास योग्य वाट दाखविली जाते. मात्र हा ग्रंथ दुर्मिळ आहे कीं नाहीं तें ग्रंथपाल सांगूं शकेल. तो कितीस विकेल हें सांगणें त्याचें काम नव्हे.

किंमतीसाठीं बाजाराकडेच पाहावें लागतें. तेथें एक भेद नीट ध्यानांत धरावा : मागितलेली किंमत निराळी आणि मिळालेली किंमत निराळी. कोणी आपल्या दुकानाच्या यादींत पुस्तकापुढें दहा हजार लिहिले, म्हणून तें दहा हजारांचें ठरत नाहीं. कदाचित् त्या किंमतीमुळेंच तें पांच वर्षें तेथें पडून असेल. लिलांवांत खरोखर विकल्या गेलेल्या प्रतीची रक्कम, तीही त्याच आवृत्तीच्या व तशाच स्थितींतील प्रतीची, हाच खरा आधार. इंग्रजी ग्रंथांच्या लिलांवांच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून छापल्या जात आल्या आहेत, व आतां घरबसल्या संगणकावरही पाहतां येतात. मराठी पुस्तकांसाठीं वर्षानुवर्षांच्या अशा नोंदी सहज हाताशीं नसतात. म्हणून निदान दोन अनुभवी विक्रेत्यांस निरनिराळें विचारावें, आणि जमल्यास एखाद्या संग्राहकाचेंही मत घ्यावें. विक्रेता स्वतः विकत घेणार असेल, तर तो देऊं करील ती रक्कम त्याच्या विक्रीच्या किंमतीहून पुष्कळ कमी असणार. त्यास भाडें, नोकर व गिऱ्हाइकाची वाट पाहण्याचा काळ सोसावा लागतो. तो लबाडी करतो असें यावरून समजूं नये. परंतु जो मोल सांगतो तोच एकटा गिऱ्हाईक असेल, तर दुसऱ्याचें मत घेतल्याखेरीज व्यवहार करूं नये. आणि पुस्तकावर एखाद्या वाचनालयाचा शिक्का असून तें रीतसर काढून टाकल्याची खूण नसेल, तर तें विकण्याचा विचार सोडून प्रथम त्या संस्थेस कळवावें.

येथपर्यंत बाजारच्या किंमतीची गोष्ट झाली. परंतु किंमत व मोल हे दोन शब्द आपल्या भाषेंत उगीच नाहींत. चौकशीअंतीं दहांपैकीं नऊ पुस्तकांचें उत्तर ‘फारशी किंमत नाहीं’ असेंच येईल, आणि त्यानें निराश होण्याचें कारण नाहीं. कौटुंबिक बायबलाच्या कोऱ्या पानावर तीन पिढ्यांचे जन्म, विवाह व मृत्यु लिहिलेले असतात. हिशेबाच्या वहींत दुष्काळांतल्या जोंधळ्याचा भाव असतो. शाळेंत बक्षीस मिळालेल्या पुस्तकांत आजीचें नांव व इयत्ता लिहिलेली चिठ्ठी असते. बाजारांत त्या अक्षरांस कोणी पै देणार नाहीं. परंतु त्या घराचा इतिहास अन्यत्र कोठेंही लिहिलेला नसतो. ज्या पुस्तकास पैसा येत नाहीं तें टाकाऊ, असा निष्कर्ष या लेखांतून कोणीं काढल्यास आमचा हेतु विफल झाला असें आम्ही समजूं. पुस्तक ठेवणें शक्य नसेल, तर त्यांतील लिहिलेल्या पानांचे फोटो काढून ठेवावे, आणि पुस्तक एखाद्या ग्रंथसंग्रहालयास विचारून द्यावें.

आमच्या विद्यार्थिमित्रांस एकच सूचना करून हा लेख पुरा करतों. येत्या सुटींत घरच्या वडील माणसांची परवानगी घेऊन जुन्या पुस्तकांची पेटी उघडा. हात स्वच्छ धुवून कोरडे करा. एकेक पुस्तक काढून वर सांगितल्याप्रमाणें त्याचें टिपण करा, शकाचा सन काढा, पानें मोजा, आंत लिहिलेलीं नांवें घरांतील वृद्धांस दाखवून तीं कोणाचीं तें विचारून घ्या. पातळ चोपडीं शेवटीं ठेवूं नका. तींच आधीं पाहा. ती यादी पेटींतच ठेवून द्या. पुढें कोणी पेटी रिकामी करावयास निघाला, तर त्याच्या हातांत पुस्तकांच्या आधीं ती यादी पडेल. आणि रद्दीवाल्याचा तराजू दारांत येण्यापूर्वीं निदान एक माणूस तरी थांबून वाचील.